हळद फोनमध्ये फिकी का दिसते? समुद्रपूर तालुक्यातल्या एका बचत गटाचे व्हिडिओ

नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या जामच्या चौरस्त्यावरून वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरकडे वळलं की दोन्ही बाजूंना कापूस, तूर आणि चणा. हळद सरसकट दिसत नाही. विहिरीला पाणी असलेल्या एखाद्या वावरात तिचा रुंद पानांचा पट्टा लागतो. तरी या तालुक्याची ओळख हळदीचीच, आणि ती वायगावमुळे. गावाचं नाव लिहिताना कंसात ‘हळद्या’ लिहितात. वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. सांगलीच्या हळदीला ते २०१८ साली मिळालं, हे इथले लोक आवर्जून सांगतात.

हे प्रकरण याच पट्ट्यातल्या एका महिला बचत गटाचं आहे. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. गटाच्या सचिव त्या ताई, त्यांच्या सासूबाई, आणि नागपूरला शिकणारा बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा, एवढी पात्रं पुरेत. मी अशा गटांना लेबल, हिशेब आणि कागदपत्रांच्या कामात मदत करतो. त्यामुळे हा सगळा प्रपंच जवळून पाहायला मिळाला.

मागणी कुठून आली

गटातल्या बाया आधी हळकुंडंच विकायच्या. व्यापारी घरी येऊन भाव सांगायचा आणि त्या द्यायच्या. नंतर ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बैठकांमधून पूड करून पाकिटं विकायची कल्पना आली. हळद पिठाच्या चक्कीवर दळून मिळत नाही. पुढच्याचं पीठ पिवळं होतं म्हणून चक्कीवाला उभंच करत नाही. म्हणून मसाला कांडपाचं वेगळं यंत्र शोधलं, पाकिटं आणली, सीलिंग मशीन घेतलं आणि नागपूरच्या एका प्रदर्शनात स्टॉल लावला. माल बऱ्यापैकी गेला. शेजारच्या लोणच्याच्या स्टॉलवर गर्दी जास्त होती, पण हळद घेणारं गिऱ्हाईक बोलकं निघालं. पुष्कळांनी ताईंचा नंबर घेतला.

खरी गोष्ट महिनाभराने सुरू झाली. व्हॉट्सॲपवर निरोप यायला लागले. ‘प्रदर्शनात घेतली होती ती हळद आहे का?’ ‘माझ्या नणंदेला पण पाहिजे, काही फोटो-व्हिडिओ असेल तर पाठवा.’ ताईंच्या फोनमध्ये लेकराच्या वाढदिवसाचे आणि पोळ्याला सजवलेल्या बैलांचे व्हिडिओ होते. हळदीचा एकही नव्हता.

इथे थोडं थांबतो, कारण पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. मागणी होती ती विचारणाऱ्या एका माणसाला पाठवायच्या व्हिडिओची. तयार झाला तो मात्र जगाला दाखवायचा व्हिडिओ.

भाच्याचं रील

भाचा हुशार आहे. लग्नात, गणपतीत त्याची रील गावभर फिरतात. त्याने दोन दिवस खपून हळदीचं रील केलं. सूर्य उगवतो आहे, ओंजळीतून हळद संथ गतीने खाली पडते आहे, मागे एक गाजलेलं सिनेगीत आणि वर सोनेरी अक्षरांत ‘विदर्भाचं पिवळं सोनं’. त्याखाली ‘जीआय मानांकित’. शेवटी ‘कॅन्सर, मधुमेह, सांधेदुखीवर रामबाण’.

रील पळालं. हजारोंनी पाहिलं. ताईंना माहेरहून फोन आले, बाजाराच्या दिवशी लोकांनी थांबवून विचारलं. हळद घेणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. जे फोन आले त्यात एकाच तऱ्हेचे प्रश्न: केवढ्याला? पाव किलो मिळेल का? पुण्याला पाठवता का, आणि पाठवणावळ कोणाकडे? रंग घातलेला नाही कशावरून? रीलमध्ये यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं.

त्यातून निघालेल्या कटकटी वेगळ्या. गाण्याच्या हक्कामुळे एका ठिकाणी रीलचा आवाज बंद झाला आणि मुकं रील तसंच फिरत राहिलं. घरगुती वापराच्या खात्यावर सिनेगीत चालून जातं. मालाची जाहिरात करताना त्या गाण्याचा परवाना आपल्याकडे असावा लागतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट वापरायला मिळणारं संगीत आहे. माझं मत विचाराल तर हळदीच्या व्हिडिओला संगीत लागतच नाही. त्याचं कारण पुढे येईल.

‘जीआय मानांकित’ ही ओळ मी आधी काढायला लावली. वायगाव परिसरात हळद पिकते म्हणून कोणीही उठून ते मानांकन पाकिटावर किंवा व्हिडिओत लावू शकत नाही. १९९९च्या भौगोलिक मानांकन कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. गटाने तेव्हा अर्जही केलेला नव्हता. ‘आमची हळद वायगावचीच, मग आम्ही का नाही लिहायचं?’ हा ताईंचा प्रश्न रास्त होता. पण मानांकनाचा सगळा अर्थच तो आहे. उद्या जामच्या चौकात बसून कोणी भलतीकडची हळद ‘वायगाव’ म्हणून विकायला लागला तर त्याला अडवायची वाट हीच नोंदणी.

कॅन्सर-मधुमेहाची ओळ त्याहून वाईट. १९५४चा औषधे व जादुई उपाय कायदा नेमका अशाच जाहिरातींसाठी आहे. ज्या आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत कॅन्सर आणि मधुमेह दोन्ही आहेत. खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत रोग बरा करण्याचा दावा अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांतही बसत नाही. भाच्याचं म्हणणं, ‘सगळेच टाकतात नं काका.’ टाकतात खरे. पण ज्याच्या पाकिटावर प्राधिकरणाचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक आणि घरचा पत्ता छापलेला असतो, त्याला शोधायला कोणाला फार फिरावं लागत नाही.

वही

ताईंकडे एक शंभर पानी वही होती. कोणाला किती पाकिटं, पैसे आले की नाही, असं त्यात लिहायच्या. मी म्हटलं, त्यातच मागच्या पानापासून गिऱ्हाइकाचे प्रश्न लिहा. जसा विचारला तसाच, आपल्या शब्दांत सुधारून नको. दोन-तीन आठवड्यांत पानं भरली आणि गंमत अशी की प्रश्न मोजकेच निघाले, तेच ते पुन्हा. इतकी महाग का? भेसळ नाही कशावरून? भाजीत कमी टाकायची का? किती दिवस टिकते? मागवायची कशी?

एका प्रश्नाला एक व्हिडिओ, एवढंच ठरवलं. कोणी विचारलं की तो पाठवायचा. स्टेटसला ठेवायचा असेल तर ठेवायचा, पण तो दुसरा उपयोग.

सगळ्यात कठीण प्रश्न पहिला होता. दुकानातल्या पाकिटापेक्षा ही हळद महाग का, हे ताई फोनवर सांगायला लागल्या की वाद घातल्यासारखं वाटायचं. सासूबाईंनी तो सोडवला, तेही व्हिडिओचा विचार न करता. अंगणात ओली हळद काढून पडली होती. त्या म्हणाल्या, ‘पाच किलो उकडली, वाळवली तं किलोभर भरते, हे कोनाले मायतच नाही. दाखवून द्या नं.’ प्रमाण साधारण तेवढंच असतं. ओली हळद उकडून, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवून, घासून वजन केलं तर पाचवा हिस्सा हाती येतो. मग सपरीत, म्हणजे ओसरीत, एका बाजूला तराजूवर पाच किलो ओले गड्डे, दुसऱ्या बाजूला किलोभर वाळकी हळकुंडं, आणि सासूबाईंची दोन वाक्यं. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. भाव सांगितल्यावर गप्प होणाऱ्या गिऱ्हाइकाला ताई आता तो पाठवतात.

हा व्हिडिओ फेब्रुवारीतच होऊ शकत होता. ओली हळद वर्षभर मिळत नाही, उकडणीची कढई एकदाच पेटते, पसरलेल्या हळदीचं पिवळं अंगण एकदाच दिसतं. गटाकडे आता त्याची एक छोटी यादी आहे: पेरणीला काय टिपायचं, उकडणीला काय, कांडपाला काय. व्हिडिओ लगेच करायचा नसेल तरी तुकडे घेऊन ठेवायचे. शेतमालाचा व्हिडिओ करणाऱ्याने पंचांग हाताशी ठेवावं, असं मी थट्टेने म्हणतो, पण ते खोटं नाही.

रंग

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे. पहिल्या दिवशी ताईंनी कोपरभर, म्हणजे परातभर, हळद घेऊन फोन अगदी जवळ नेला आणि व्हिडिओ काढला. डोळ्यांना गर्द केशरी-पिवळी दिसणारी हळद पडद्यावर फिकी, मातकट आली. फोन जुना आहे म्हणून भाच्याचा फोन घेतला, त्यावरही तेच. ‘हे पाहून कोन घेईन?’ असं म्हणून ताईंनी फोन ठेवून दिला.

फोनचा दोष नव्हता. फोन समोरच्या चित्राचा सरासरी रंग पाहून उजेडाचा अंदाज बांधतो. सगळी चौकटच पिवळी असली की त्याला वाटतं, दिवा पिवळा आहे. मग तो आपल्या परीने पिवळेपणा कमी करतो आणि निळसर झाक मिसळतो. ज्या मालाची सगळी किंमत रंगात, त्याचा रंगच तो खातो. लाल मिरचीचंही तसंच होतं. उपाय बिनपैशाचा आहे: चौकटीत काहीतरी पांढरं किंवा करडं येऊ द्यायचं. स्टीलच्या ताटात अर्ध्या भागातच हळद ठेवली, बाजूला पांढरं धुतलेलं फडकं टाकलं, आणि रंग जागेवर आला. फोनमध्ये ‘प्रो’ पद्धत असेल तर तिथे उजेडाचा रंग ‘दिवसाचा उजेड’ असा पक्का करून टाकायचा, मग फोन मधेच मत बदलत नाही. हळद जिथे दिसते तिथे पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. हे दोन सेकंदांचं काम न केल्यामुळे हात हलला की चित्र उजळतं-काळवंडतं, आणि नवशिक्याचा व्हिडिओ तिथेच ओळखू येतो.

उलटी चूकही होते. भाच्याने संपादनात रंग इतका भडक केला की हळद नारिंगी दिसायला लागली. ‘रंग घातलाय का?’ असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला तो व्हिडिओ पाठवणं म्हणजे कबुलीजबाब देण्यासारखं होतं. भडकपणा काढला.

रात्री दिव्याखाली काढलेले तुकडे लपलप करत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा एलईडी किंवा ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला कळत नाही, पण सेकंदाला तीस चित्रं घेणाऱ्या फोनचा आणि त्या चढउताराचा मेळ बसत नाही आणि पडद्यावर पट्टे सरकतात. शटरचा वेग पन्नासांश सेकंद करता आला तर पट्टे जातात. पण ज्यांना दिवसा वेळ काढता येतो त्यांनी या भानगडीत पडूच नये. सकाळी आठ-साडेआठला सपरीत उन्हाची रेघ जिथपर्यंत येते तिच्या दोन हात आत बसायचं. उजेड भरपूर, सावली मऊ. थेट उन्हात हळदीची पूड पांढरी पडते, आणि एप्रिल-मे महिन्यात तर उन्हात धरलेला फोन तापून कॅमेराच बंद करतो. वर्ध्याच्या उन्हात माणूस टिकत नाही, फोनचं काय सांगावं.

फोन धरायला स्टँड नव्हता. पायलीत तूर भरली आणि त्यात फोन खोचला. पाहिजे तेवढा मागे-पुढे वाकवता येतो, हलत नाही. वरून ताटाचं चित्र घ्यायचं तर दोन खुर्च्यांवर फळी टाकून फोन फळीच्या टोकाशी, कॅमेरा बाहेर काढून. आणि प्रत्येक वेळी आधी कॅमेऱ्याची काच पुसायची. हळद हाताळणाऱ्या घरात त्या काचेवर पिवळट थर असतोच.

कापसाची खोली

आवाजाचा प्रश्न चित्रापेक्षा मोठा होता. अंगणात वारा, कोंबड्या, रस्त्यावरून ट्रॅक्टर. आतल्या खोलीत सिमेंटच्या भिंतींचा घुमारा. वायरचा साधा कॉलर माइक चार-पाचशेच्या आत मिळाला, त्याने निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं कापसाने केलं. भाव वाढेल या आशेने दिवाळीनंतर वेचलेला कापूस घरातच भरून ठेवलेला होता, अगदी कवेलूच्या आढ्यापर्यंत. त्या खोलीत गेलं की स्वतःचाच आवाज वेगळा ऐकू येतो, कोरडा आणि जवळचा. शहरात लोक भिंतींना स्पंज लावून ही शांतता विकत घेतात. आमच्याकडे ती भावाच्या वाटेकडे डोळे लावून फुकटात पडलेली असते. एकच त्रास: त्या कापसात थोडा वेळ बसलं की अंगाला खाज सुटते. त्यामुळे ताईंचे तिथले व्हिडिओ आपसूकच आटोपशीर झाले.

या खोलीतच गटाचा सगळ्यात चांगला तुकडा निघाला. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडलं की ‘कट्’ असा धातूसारखा आवाज येतो. ओलं राहिलेलं असेल तर ते वाकतं, आवाज येत नाही. व्यापारी माल पारखताना हेच करतो. माइक हाताच्या वीतभर जवळ, चौकटीत दोन हात आणि एक हळकुंड. कट्. आतला गर्द केशरी चकाकता भाग कॅमेऱ्यापुढे. वर अक्षरं: ‘वाळलेल्या हळदीची खूण’. बोलणं नाही, संगीत नाही. संगीत असतं तर तो आवाज बुडाला असता.

भेसळीच्या प्रश्नाला पाण्याचा ग्लास वापरला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घरी करायच्या तपासण्यांत ही दिली आहे: ग्लासभर पाण्यात चमचाभर पूड टाकायची, शुद्ध हळद तळाशी बसताना पाण्याला फिका पिवळा रंग देते, कृत्रिम रंगाची असेल तर पाणी गडद पिवळं होतं. शेजारी बाजारातल्या नावाजलेल्या पाकिटाची हळद ठेवून तुलना करायची भाच्याची फार इच्छा होती. ती मोडून काढली. दुसऱ्याच्या मालाला नाव ठेवून आपला विकायचा हा मार्ग कायद्याच्याही अंगाशी येतो आणि गिऱ्हाईकही शंका घेतं. शिवाय ही तपासणी घरगुती आहे. शिसं आहे का, कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य) किती, हे ग्लास सांगत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. वायगावच्या हळदीत कर्क्युमिन सहा टक्क्यांवर असतं असं सांगितलं जातं. पण गटाच्या स्वतःच्या मालाचा अहवाल हातात नव्हता, म्हणून तो आकडा व्हिडिओत घेतला नाही. अजूनही घेतलेला नाही.

चेहरा कोणाचा

ताई स्वतः पडद्यावर यायला तयार होत्या. घरात मात्र चुळबुळ झाली. दिरांनी सरळ विरोध केला नाही, पण ‘लोक काय म्हनतीन’ हे जेवताना दोनदा निघालं. गावात हा प्रश्न लहान नाही, आणि बाहेरून येऊन ‘आत्मविश्वासाने बोला’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकांना तो दिसतही नाही. सुरुवातीचे व्हिडिओ त्यामुळे खांद्याखालचे झाले: हात, बांगड्या, ताट आणि आवाज. हळदीला ते शोभूनही दिसले, कारण गिऱ्हाइकाला पाहायचे होते ते हातच.

मग सासूबाईंनीच तोड काढली. ‘आता या वयात मले कोन नावं ठेवते? माह्यं थोबाड दाखवा.’ त्या बसल्या तर अशा बसल्या की जणू ओट्यावर शेजारणीशी बोलताहेत. ताईंनी त्यांना आधी पुस्तकी मराठीत चार वाक्यं पाठ करून दिली होती, ‘नमस्कार, आमच्या गटात आपलं स्वागत आहे’ अशी. चार वेळा अडखळल्यावर म्हातारीने कागद बाजूला ठेवला आणि आपल्या बोलीत सुरू केलं: ‘हे पाहा बाई, ही हयद हाये आमच्या वावरातली. भाजीत चिमूटभरच टाकजा, जास्त टाकसान तं कडू लागते.’ हेच वाक्य तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर होतं.

बोलीबद्दल लोक फार हळवे होऊन बोलतात, म्हणून जे पाहिलं ते सांगतो. वऱ्हाडी वळणाच्या या व्हिडिओंवर जीव टाकणारे बहुतेक विदर्भातलेच, आणि त्यांच्याकडे काकाच्या किंवा मामाच्या वावरातली हळद आधीच येते. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला बोली गोड वाटली, पण एकदोघांना अर्धं कळलं नाही. म्हणून प्रत्येक वाक्य प्रमाण मराठीत मोठ्या अक्षरांत खाली दिलं. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांचीही त्यात सोय झाली. अक्षरं मोठी ठेवायचं कारण आणखी एक: घरात हळद कोणती घ्यायची हे ठरवणारी बाई पुष्कळदा चष्मा शोधायच्या वयाची असते.

संपादनाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. व्हीएन किंवा यूट्यूब क्रिएट, या दोन्ही ॲपपैकी काहीही चालतं. सुरुवातीचा ‘हां, चालू झाला का?’ आणि शेवटचा फोन बंद करायला येणारा हात कापायचा, अक्षरं टाकायची, झालं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी: भाचा तयार व्हिडिओ व्हॉट्सॲपवर साधा पाठवायचा, ताई तो दुसऱ्या फोनवर घ्यायच्या, तिथून गटावर. दर वेळी व्हिडिओ दाबला जाऊन चित्र पुसट होतं. मूळ व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की तसाच पोहोचतो.

नंबर

पहिल्या रीलच्या शेवटी ताईंचा स्वतःचा नंबर मोठ्या अक्षरांत होता. रात्री-बेरात्री फोन यायला लागले. हळदीशी त्यांचा काही संबंध नव्हता. घरात भांडण होता होता राहिलं, आणि आठवडाभर ‘हे सगळंच बंद करा’ अशी हवा होती. व्हिडिओ शिकवणाऱ्या वर्गांत या गोष्टीवर एक मिनिटही दिलं जात नाही. बाईने चालवलेला धंदा मात्र इथेच बंद पडतो.

मग गटाच्या नावाने वेगळं सिम घेतलं आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं. कॅटलॉगमध्ये पाकिटांची वजनं, भाव, पाठवणावळ. कामाच्या वेळा लिहिल्या, त्याबाहेर आपोआप उत्तर जातं. फोन घेत नाही, निरोप लिहा, असं स्पष्ट सांगितलं. तो फोन आळीपाळीने गटातल्या बायांकडे असतो, आणि कोणी वेडंवाकडं लिहिलं तर बाकीच्यांना दाखवून त्याचा नंबर ब्लॉक केला जातो. निंदण किंवा वेचणीच्या दिवसांत उत्तरं संध्याकाळी जातात. तेही आपोआप उत्तरात लिहिलेलं आहे, आणि आश्चर्य म्हणजे ते वाचून गिऱ्हाईक थांबतं.

आता काय चालू आहे

वहीवरून दिसतं ते असं: घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण प्रदर्शनातले, किंवा त्यांनी सांगितलेले. त्यांनी विचारलं, व्हिडिओ गेला, ऑर्डर आली. ‘पाच किलोची एक किलो’ आणि पाण्याचा ग्लास हे दोन सगळ्यात जास्त पाठवले जातात, आणि स्टेटसला ते फारसे कोणी पाहतही नाही. घरगुती मालाच्या व्हिडिओकडून हाक मारायची अपेक्षा मी कमी ठेवतो. दारात आलेल्याला उत्तर द्यायला तो उपयोगी पडतो.

भाच्याला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, दारात कोणी यायला तरी पाहिजे नं; प्रदर्शन वर्षातून एकदा, आणि स्टॉल मिळेलच असं नाही. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. नागपूरच्या एका किराणा दुकानदाराने चौकशी केली ती रील पाहूनच. त्याला गटाला झेपेल त्याहून जास्त माल पाहिजे होता, म्हणून ते जमलं नाही, पण चौकशी रीलचीच. तेव्हा तडजोड झाली: रील भाच्याने करायची, दावे आणि गाणी सोडून, त्यात भाव, वजन आणि गटाचा नंबर दिसलाच पाहिजे, आणि टाकायच्या आधी ताईंनी पाहायची.

मानांकनाच्या वापरकर्ता नोंदणीचे कागद गोळा होत आहेत, सातबारावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं असल्याने तिथे वेळ जातो आहे. हळद किलोभर घेतली की चार माणसांच्या घराला बरेच महिने पुरते, त्यामुळे तेच गिऱ्हाईक लवकर परत येत नाही. म्हणून गटाने तुरीची डाळ घ्यायचं ठरवलं आहे. वहीच्या मागच्या पानांवर तिचे प्रश्न यायला लागलेत. सगळ्यात वरचा: ‘पॉलिश केलेली आहे का?’ पॉलिश केलेली आणि न केलेली डाळ फोनमध्ये वेगळी दिसेल अशी कशी टिपायची, यावर सध्या सपरीत खल चालू आहे.